बांधणे आणि बांधून घेणे

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळ येण्यापूर्वी महामार्गालगत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. रसायनांचे, औषधांचे आणि इतरही कारखाने येथे आहेत. कुठे ना कुठे एखाद्या भूखंडावर नवे बांधकाम चाललेले असतेच. मे महिन्यात अशाच एका भूखंडापाशी आम्ही काही विद्यार्थ्यांसह थांबलो होतो. काळी माती उकरून खाली मुरमापर्यंत खड्डे घेतलेले होते. काहींत सळयांचे सांगाडे उभे होते, काहींतले काँक्रीट भरून झाले होते आणि त्यावर ओली गोणपाटे गुंडाळली होती. टँकरच्या पाइपाने एक बाई त्यांवर पाणी मारीत होत्या. एका बाजूला, पत्र्याच्या शेडच्या तोकड्या सावलीत, हेल्मेट घातलेला एक तरुण अभियंता सारखा फोनवर बोलत होता.

अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "नकाशा इंजिनिअरने आधीच काढलाय. काम गवंडी करतोय. मग हे साहेब दिवसभर फोनवर काय करतात?"

प्रश्न आम्हाला आवडला, कारण त्याचे उत्तर आम्हालाही चटकन देता आले नाही. थोडा वेळ कान देऊन ऐकल्यावर उलगडा झाला. लोखंडी कॉलम घेऊन येणारी गाडी निघाली का, क्रेन कोणत्या दिवशी मिळणार, ती आली आणि कॉलम आले नाहीत तर तिचे भाडे कोण देणार, सेंटरिंगची माणसे रिकामी बसली आहेत त्यांना आज कोणते काम द्यायचे, अशी ती बोलणी होती. तुळई किती जाड हवी, हा प्रश्न त्यांत एकदाही आला नाही. तो प्रश्न कागदावर केव्हाच सुटलेला होता.

स्थापत्यशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढची दोन वर्षे जो विषय अनेक विद्यार्थी निवडतात, तो 'बांधकाम व्यवस्थापन' म्हणजे ही फोनवरची बोलणी शास्त्रशुद्ध पद्धतीने करण्याचे शिक्षण होय. कामाचे नियोजन, अंदाजपत्रके, करारनामे, यंत्रसामग्री, दर्जा, सुरक्षितता, कामगारांविषयीचे कायदे आणि पैशाची आवकजावक हे त्याचे भाग. पदवीच्या वर्गात 'बांधणे' शिकवतात. येथे 'बांधून घेणे' शिकवतात, असे म्हणता येईल. आश्चर्य याचे वाटते की पहिली गोष्ट महाराष्ट्रात १८५४ पासून वर्गात शिकवली जात आहे, आणि दुसरीला स्वतंत्र विषय म्हणून वर्गात जागा मिळायला त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात हे ज्ञान नव्हते असे नाही. ते मुकादमाच्या वहीत आणि ठेकेदाराच्या डोक्यात होते. आणि जेथे ते नव्हते तेथे त्याची किंमत कोणी मोजली, हे सोलापूरच्याच इतिहासात दिसते.

१८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. रुडकीचे महाविद्यालय त्याआधी १८४७ मध्ये निघाले होते. पुण्याच्या वर्गाचा उद्देश माफक होता: इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग यांच्या कामांवर सरकारला हाताखालचे शिकलेले लोक हवे होते. पुढे याच वर्गाचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच परीक्षा उत्तीर्ण होऊन मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात गेले. पातळी कशी घ्यावी, नकाशा कसा काढावा, खोदाईचे घनफळ कसे मोजावे, हे सारे येथे शिकवले जाई. हजारो माणसे एका डोंगरावर आणून त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, यासाठी मात्र तास नव्हता.

चिंचोळीजवळून महामार्गाला साधारण समांतर असा जो लोहमार्ग जातो, तो सोलापुरात १८६० साली पोहोचला. त्या वेळी मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला मध्ये गाडीतून उतरून बोरघाट रस्त्याने चढावा लागे, कारण घाटातला लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. सुमारे २५ किलोमीटरांची चढण, ५५० मीटरांहून अधिक उंची, २५ बोगदे आणि ८ मोठे पूल असे ते काम होते. आखणी उत्तम होती. ती आजही वाखाणली जाते. अडचण वेगळीच निघाली. फेव्हिएल नावाच्या ठेकेदाराने काम घेतले. मजुरीवरून १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी ठेकेदाराने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावावर चालू ठेवला, घाटातील कामाची माहिती असलेले दोन अभियंते व्यवस्थापक म्हणून नेमले आणि काम पुरे करून घेतले. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती. एवढ्यांना पाणी, धान्य आणि झोपड्या पुरवणे आणि आठवड्याच्या आठवड्याला मजुरी चुकती करणे हे एखादे शहर चालवण्यासारखेच होते. अ‍ॅलिस ट्रेडवेल कोणत्याही अभियांत्रिकी वर्गात बसलेली नव्हती. योग्य माणसे नेमणे आणि पैसा वेळेवर पोहोचवणे तिला जमले, आणि आमच्या मते बोरघाटाच्या गोष्टीत बोगद्यांइतकेच महत्त्व याला द्यायला हवे. घाईचा हिशेब मात्र नंतर चुकता झाला. घाटातील एक मोठा पूल १८६७ मध्ये कोसळला आणि कंपनीच्या एकूणच दगडी बांधकामांच्या दर्जाबद्दल चौकशी करावी लागली.

आता सोलापुरात येऊ. शहराच्या उत्तरेस अधिला नदीवर एकरुखचा तलाव आहे. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. १८७१ मध्ये पुरा झालेला हा बांध सव्वादोन किलोमीटरांहून लांब आणि सुमारे २१ मीटर उंच आहे. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. माती टोपल्यांनी वाहिलेली. बांध आजही उभा आहे, म्हणजे बांधणाऱ्यांना आपले शास्त्र येत होते.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा सर्वांत जास्त पोळलेल्या भागांत होता. १८७२ च्या जनगणनेत सात लाखांच्या पुढे असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्ये सहा लाखांच्या खाली आली. लोकांना काम देण्यासाठी सरकारने मोठी बांधकामे काढली. मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव दुष्काळी कामांतलाच. दौंड–मनमाड लोहमार्गही तसाच. म्हणजे अभियंत्यांपुढे हजारो मजूर आपण होऊन येऊन उभे राहिले होते. त्यांना मजुरी किती द्यायची, हे ठरवायचे होते.

सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये ती कमी करून ठरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा; बाईला आणि मुलाला त्याहून कमी. खर्च वाचवणे हा हेतू होता. हा आकडा बरोबर की चूक, हे आपले विद्यार्थी वर्गात तपासू शकतात, म्हणून त्यावर थोडे थांबू.

१०० ग्रॅम ज्वारीतून साधारण ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे ४५० ग्रॅमांतून १५५० च्या आसपास. ५० किलो वजनाचा माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब यांसाठी त्याला सुमारे १३५० किलोकॅलरी लागतात. उरल्या २००. आता त्याने २० किलो मातीची टोपली घेऊन १० मीटर उंच बांध चढायचा आहे. मातीबरोबर त्याचे स्वतःचे वजनही वर चढते, हे मुले हमखास विसरतात. ७० × ९.८ × १०, म्हणजे ६८६० ज्यूल एवढे कार्य होते. पण आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा भागच कार्यात उतरवतात. म्हणून खर्च ३४ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे ८ किलोकॅलरी. २०० भागिले ८, उत्तर २५. पंचवीस खेपा झाल्या की धान्यातली ऊर्जा संपली. खाली उतरणे, माती खणणे, टोपली भरणे आणि कामावर येण्याजाण्याची चाल यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. वरच्या एका आण्यात, भाव कडाडलेल्या बाजारात, मिळेल ते मीठमिरची आणि थोडे धान्य घ्यायचे.

१८७७ मध्ये कॅलरीचा हिशेब असा कोणी मांडत नव्हते, हे खरे. पण मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या शिध्यावर कष्टाचे काम होणार नाही, दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ-भाजी हवी, असे तेव्हाच सांगितले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मद्रास सरकारने शिधा काही प्रमाणात वाढवलाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे म्हणणे सरकारपुढे मांडले. बांध कसा बांधावा हे ठाऊक असलेल्या यंत्रणेला, बांधणारा माणूस किती खाल्ले म्हणजे किती माती वाहील, हे ठाऊक नव्हते. किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते. बांधकाम व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत 'श्रमिकांची उत्पादकता' असे एक प्रकरण असते. त्याची सुरुवात या टोपलीपासून व्हावी, असे आम्हाला वाटते.

(१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याच्या कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली, हे तेव्हा लहान असलेल्यांना आठवत असेल. ९५ वर्षांनी का होईना, शिध्याचा विचार कामाच्या जागी पोहोचला होता.)

दुष्काळ सरल्यावर चार वर्षांनी, १८८२ मध्ये, सोलापुरातील एका व्यापारी जैन कुटुंबात वालचंद हिराचंद जन्मले. त्यांनी मुंबईत आणि पुण्यात महाविद्यालयात नाव घातले होते, पण शिक्षण अर्धवट सोडावे लागले. घरच्या कापसाच्या आणि सावकारीच्या धंद्यात मन रमेना, तेव्हा रेल्वेत पूर्वी कारकून असलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेची ठेकेदारी सुरू केली. या भागीदारीच्या सुरुवातीच्या कामांत जिल्ह्यातल्याच बार्शी लाइट रेल्वेचे काम होते. फाटकांना रेल्वेचे दर, बिले आणि कामाची रीत माहीत होती. वालचंदांना भांडवल उभारणे माहीत होते. दोघांपैकी कोणीही अभियंता नव्हता. तरीही पुढे बोरघाटातलेच नवे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला येणाऱ्या नळांचे काम, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

ठेकेदारीचे मर्म असे की आज एक आकडा लिहून द्यायचा आणि तो पुढची दोन वर्षे खरा करून दाखवायचा. दगड किती खोलीवर लागेल, सिमेंट कोणत्या भावाने मिळेल, पाऊस किती दिवस काम अडवील, केलेल्या कामाचे बिल कधी सुटेल, या सगळ्यांचा अंदाज त्या एका आकड्यात असतो. हे ज्ञान वालचंदांनी कामावर मिळवले. सगळ्यांनीच तसे मिळवले. त्याची अडचण अशी की ते माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबरच जाते. पदवी पुरी न केलेल्या या माणसाचे नाव आज सांगलीच्या आणि सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे, याची आम्हाला गंमत वाटते आणि ते योग्यही वाटते.

अनुभवाचे हे ज्ञान कागदावर आणण्याची साधने बांधकामाच्या बाहेरून आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने कामांचे आडवे पट्टे काढून कोणते काम कोणत्या दिवसांत, हे दाखवणारा तक्ता रूढ केला. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्कीने १८९६ च्या सुमारास तसाच तक्ता आधी तयार केला होता, पण तो त्याच्या देशाबाहेर फारसा कोणी पाहिला नाही. १९५७ मध्ये ड्यू पाँट या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीतील जेम्स केली यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांचा प्रश्न रासायनिक कारखाने उभारण्याचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा होता, म्हणजे चिंचोळीत आज पडतो तोच. उत्तराला 'क्रिटिकल पाथ' पद्धत म्हणतात. आपण निर्णायक मार्ग म्हणू. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी तिच्याच जातीची 'पर्ट' पद्धत काढली.

पद्धत बेरजेची आहे, आठवीच्या मुलालाही समजेल. चिंचोळीतल्यासारखी एक शेड घेऊ; दिवसांचे आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. जागा सपाट करून आखणी ४ दिवस, खड्ड्यांची खोदाई १०, पायाचे काँक्रीट १६ आणि शेवटच्या काँक्रीटवर पाणी मारण्याचे १०. एकूण ४०. दरम्यान कार्यशाळेत लोखंडी कॉलम आणि ट्रस तयार होत आहेत, त्यांना ३०. दोन्ही झाल्यावर उभारणी १२, छपराचे पत्रे ८, जमिनीचे काँक्रीट १०. सगळे काम ७० दिवसांत होईल. लोखंडाच्या कामाला १० दिवसांची सवड आहे; ते आठ दिवस लांबले तरी काम ७० दिवसांतच पुरे होते, आणि जादा पैसे देऊन ते २० दिवसांत करून घेतले तरीही ७० दिवसच लागतात. खोदाई मात्र एक दिवस लांबली की सगळे काम एक दिवस लांबते. निर्णायक मार्ग तो हाच. फोनवरच्या साहेबांना नेमके कोणावर ओरडायचे, हे त्यावरून कळते.

पण खरी परीक्षा यापुढे आहे. मालकाला शेड ६५ दिवसांत हवी आहे. वेळापत्रकाकडे पाहिले तर सर्वांत सोपे दिसणारे पाच दिवस पाणी मारण्याच्या दहांत आहेत. तेथे तर कोणी काही बांधतसुद्धा नाही. आणि नेमके तेच कापायचे नसतात. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी मारले नाही तर काँक्रीटमधले पाणी उडून जाते आणि क्रिया अर्ध्यावर थांबते. भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस सांगितले आहेत, मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. पाच दिवस कापल्याचे आज कोणालाही दिसणार नाही.

पाच दिवस वाचवण्याची दुसरी वाट आहे. खड्ड्यांच्या दोन तुकड्या करायच्या. आखणीचे ४ दिवस, पहिल्या तुकडीची खोदाई ५, म्हणजे नवव्या दिवशी काँक्रीटवाले पहिल्या खड्ड्यांत उतरले आणि खोदणारे दुसऱ्या तुकडीकडे गेले. पहिले काँक्रीट १७ व्या दिवशी संपले, दुसरे २५ व्या, त्यावर पाण्याचे १० दिवस. ४० ऐवजी ३५. एकही माणूस वाढवला नाही, पाणी एक दिवसही कमी मारले नाही. स्नातकोत्तर अभ्यासक्रमातले पुष्कळसे गणित या युक्तीचेच विस्तारलेले रूप आहे. शेड्सऐवजी धरण किंवा मेट्रो असते आणि आठ कामांऐवजी काही हजार.

महाराष्ट्रात १९८३ हे साल या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. बांधकाम व्यवसायातील कंपन्यांनी मिळून त्या वर्षी मुंबईत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च ही संस्था काढली. पुढे ती पुण्यात बालेवाडीला गेली. त्याच वर्षी राज्यात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि सोलापूरचे वालचंद महाविद्यालयही तेव्हाचेच. आता पुण्यामुंबईच्या जुन्या महाविद्यालयांतही हा विषय स्नातकोत्तर पातळीवर आहे. प्रवेशासाठी बहुधा 'गेट' परीक्षा, पहिल्या वर्षी विषयांचा अभ्यास आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध. विद्यार्थ्यांनी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो की पदवीनंतर एखादे वर्ष कामावर काढा आणि मग जा. सिमेंटची गाडी न आल्याने वाया गेलेला दिवस ज्याने पाहिला आहे, त्याला ते गणित कोरडे वाटत नाही.

शाळेत परतल्यावर आम्ही शेडचे हेच वेळापत्रक फळ्यावर मांडले आणि मुलांना पुढचे गणित घातले. सोलापुरात सप्टेंबरात पाऊस जोर धरतो. समजा खड्ड्यांत पाणी भरून खोदाई चार दिवस बंद पडली. काम किती लांबेल? उत्तर पाऊस कधी पडला यावर अवलंबून निघाले. पहिल्या तुकडीच्या वेळी पडला तर पुरे चार दिवस. दुसऱ्या तुकडीच्या वेळी पडला तर फक्त एक, कारण काँक्रीटवाले तेव्हा पहिल्या खड्ड्यांत गुंतलेले असतात आणि तीन दिवस त्यांच्या सवडीत जिरतात. वर्ग खूश झाला.

तो अकरावीतला मुलगा फळ्याकडे पाहत होता. "आणि त्या चार दिवसांत खोदणाऱ्यांची हजेरी लागते का?" त्याने विचारले. फळ्यावरच्या आराखड्यात त्याचा रकाना नव्हता. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी देशात वेगळा कायदा झाला, कल्याण निधी आला, हे आम्ही त्याला सांगितले. पण त्याने विचारले होते ते हे नव्हे. पुढच्या रविवारी तो पुन्हा चिंचोळीला गेला आणि मुकादमालाच विचारून आला. मुकादम म्हणाला होता, "पाऊस आला की हजेरी नाही."